दुकानातली चोरी आणि तिची फेड

मंडळी, समजा बाजारच्या दिवशी कुणी दुकानातली साबणाची वडी हळूच पिशवीत टाकली आणि दुकानदारानं त्याचा हात धरला. आता पुढं काय?

“पैसे टाकतो, सोडा की!” एवढ्यानं गुन्हा पुसला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. मात्र माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोष पहिल्यांदाच शाबीत झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा होते. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम विनामोबदला करायचे. तोच माणूस पुन्हा दोषी ठरला, तर किमान १ वर्षाची सक्तमजुरी आणि वर दंड!

चोरणारा १८ वर्षांखालचा असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे नाव छापताही येत नाही. मग त्याला चावडीवर बसवून झोडपणे कसे चालेल? मारणाराच गुन्हेगार ठरतो.

गुरुजी, अशा पोराकडून वस्तू परत करवा, माफी मागवा. पण दुसऱ्या दिवशी त्याची वर्गातली जागा राखून ठेवा. चुकीची फेड झाली, की ‘चोर’ हे नाव त्याला जन्मभर चिकटू देऊ नका.