ठळक आणि तिरपे अक्षर

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. त्या काळी बोरूने लिहीत. बोरूचे टोक तिरके कापलेले असे; त्यामुळे अक्षराची रेघ कोठे जाड, तर कोठे बारीक उमटे. पुढे छापखाने आले, तरी देवनागरीच्या खिळ्यांनी बोरूचे हे वळण पुष्कळसे जपले.

युरोपात रोमन लिपीच्या छापील अक्षरांना टोकाशी बारीक आडव्या रेघा असत. १५०१ साली व्हेनिस येथील आल्डस मानुशियस या मुद्रकाने तिरप्या अक्षरांत संपूर्ण पुस्तक छापले. १८१६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने टोकाच्या रेघा गाळून साधे अक्षर तयार केले. पुढे साधेपणा आणि तिरपेपणा यांना जाडीची जोड मिळाली आणि ठळक, तिरपे, साधे अक्षर जन्मास आले. देवनागरीत सर्वत्र सारख्या जाडीच्या रेघांचे अक्षर हे त्याचेच भावंड होय.

या अक्षराचा स्वभाव कसा आहे? जाडीमुळे ते दुरून दिसते. तिरपेपणामुळे ते धावत असल्याचा भास होतो. साधेपणामुळे त्यात डामडौल उरत नाही. म्हणून खेळांची भित्तिपत्रके, वाहने, जाहिराती व वृत्तपत्रांतील एखादा मथळा यांना ते शोभते. परंतु सबंध पान त्याच अक्षरांत छापले तर? सभेत सारेच ओरडू लागले, म्हणजे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. तसेच तेथे होते. डोळे शिणतात आणि महत्त्वाचा शब्द गर्दीत हरवतो.

देवनागरीत आणखी एक धोका आहे. 'भ' आणि 'ध' यांच्या माथ्यावर शिरोरेषा किंचित तुटलेली असते. रेघ फार जाड झाली, की ती फट बुजते. 'भ' चा 'म' आणि 'ध' चा 'घ' दिसू लागतो. मग नगराशेजारच्या भिंगारचे 'मिंगार' होते आणि संगमनेर तालुक्यातील धांदरफळाचे 'घांदरफळ'! त्यातच अक्षर यंत्राने नुसते कलते केले, तर शिरोरेषेवरचा रफार आणि अनुस्वार शेजारच्या अक्षराकडे झुकतात. धावत्या गाडीतून पाटी वाचणाऱ्या परगावच्या वाटसरूने काय समजावे?

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि कितीतरी पाट्या नव्याने लिहिण्याची वेळ आली. अशा पाटीवर अक्षर ठळक हवेच. पण ते सरळ उभे असावे आणि त्याच्या पोटातील व माथ्यावरील मोकळी जागा राखलेली असावी. जेथे वेग दाखवायचा, तेथे तिरपे अक्षर योजावे. जेथे वाट दाखवायची, तेथे सरळ. वाचणाऱ्याची सोय पाहते, तेच खरे सुंदर अक्षर.