लहान खोलीतील खर्ज

घरातील एखाद्या खोलीत संगणक व दोन स्पीकर मांडून गाण्याचे ध्वनिमिश्रण करणे आता सर्वत्र रूढ झाले आहे. अशा खोलीत सिद्ध झालेले मिश्रण अन्यत्र ऐकले असता पुष्कळदा असे आढळते की, खर्जाचा भाग अवास्तव फुगलेला तरी असतो किंवा जवळजवळ नाहीसा तरी झालेला असतो. अशा वेळी दोष स्पीकरचा मानून मोठा स्पीकर आणण्याकडे कल होतो. वस्तुतः दोष बहुधा खोलीचा असतो.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी त्यामुळे सुमारे ६.९ मीटर, म्हणजे सामान्य खोलीच्या लांबीहून अधिक, भरते. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर ज्या तरंगलांबीच्या निम्मे असेल, तिच्या बाबतीत जाणारा व परतणारा ध्वनी परस्परांत मिसळून स्थिर तरंग निर्माण होतो. १२ फूट लांब, १० फूट रुंद व ९ फूट उंच खोलीत असे पहिले स्थिर तरंग अनुक्रमे सुमारे ४७, ५६ व ६३ हर्ट्झला येतात. लांबी व रुंदी दोन्ही १० फूट असतील, तर दोन तरंग ५६ हर्ट्झलाच एकवटतात आणि स्थिती अधिक बिघडते. मुंबई-पुण्याकडील सदनिकांत चौरस खोल्या दुर्मिळ नाहीत. शिवाय विटांच्या व काँक्रीटच्या भिंती खर्ज जवळजवळ संपूर्ण परतवितात. अमेरिकेतील घरांच्या पातळ, पोकळ भिंती स्वतः कंप पावून त्याचा काही अंश शोषून घेतात. तेथील पुस्तकांतले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळे.

स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक व पहिल्या तरंगापुरता मध्यभागी शून्यवत असतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेवर दुसऱ्या पडद्याचा स्वर सुमारे ४६ हर्ट्झचा आहे. वरील खोलीच्या मध्यावर बसणाऱ्यास तो क्षीण ऐकू येतो आणि मागील भिंतीला टेकून बसणाऱ्यास तोच गर्जत असल्यासारखा वाटतो. वादकाचा हात मात्र दोन्ही वेळी सारखाच असतो.

येथे कानाच्या एका धर्माचा विचार केला पाहिजे. तो स्वनविज्ञानाच्या अभ्यासकांस परिचित आहे. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर सामान्यतः १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे या पट्ट्याबाहेर, असतो. तरीही ऐकणारा आवाजाची पट्टी अचूक ओळखत असे, कारण उपस्वरांवरून कान अनुपस्थित मूलस्वराची उभारणी करतो. स्टुडिओत हीच क्रिया घातक ठरते. ४६ हर्ट्झचा मूलस्वर लोपला, तरी ९२ व १३८ हर्ट्झचे उपस्वर पोहोचतात. स्वर ऐकू येतो, केवळ अशक्त वाटतो, आणि मिश्रण करणारा निःशंकपणे त्याची पातळी वाढवितो. हे गाणे मोटारीत वाजले की काचा थरथरतात.

इक्वलायझरने ही पोकळी भरत नाही. जेवढी शक्ती वाढवावी, तेवढीच परावर्तनाने निष्फळ होते. उंचवटे मात्र त्याने थोडेफार उतरविता येतात.

पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने करून, समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर, म्हणजे वरील खोलीत साडेचार फुटांवर, खुर्ची ठेवून पाहावी. हा आकडा केवळ प्रारंभबिंदू होय. स्पीकर मागील भिंतीपासून १ मीटर दूर असल्यास तिच्यावरून परतणारा ध्वनी ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ ध्वनीस मारतो. म्हणून ते भिंतीजवळ सरकवावेत व वाढलेला खर्ज स्पीकरच्या मागील खटक्याने कमी करावा.

त्यानंतर शोषणाचा विचार. दोन इंची फोम व अंड्यांचे पुठ्ठे भिंतींवर चिकटविण्याची हौस फार आहे. पुठ्ठे खर्जासाठी निरुपयोगीच. फोम केवळ तार भाग गिळतो, त्यामुळे खोली उलट अधिक घुमी भासते. सच्छिद्र पदार्थ हवेच्या हालचालीस विरोध करून ध्वनी शोषतात, आणि भिंतीलगत ती हालचाल अत्यल्प असते. जाडी व मागील पोकळी यांचे महत्त्व त्यामुळे. रॉकवूल म्हणून मिळणाऱ्या खनिज लोकरीचे सहा इंची किंवा अधिक जाड फलक कोपऱ्यांत तिरपे, जमिनीपासून छतापर्यंत, उभे करावेत. कोपऱ्यात सर्वच स्थिर तरंगांचा दाब मोठा असल्यामुळे तेथील जागा सर्वांत फलदायी असते. एकच स्वर छळत असेल, तर त्याच कंपनसंख्येस जुळविलेली, हेल्महोल्ट्झच्या तत्त्वावर चालणारी तोंडाची पेटी उपयोगी पडते. परंतु तिची जुळणी मोजमापावाचून होत नाही.

मोजमापासाठी कानाच्या जागी मापनाचा मायक्रोफोन ठेवून २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवावा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा विनामूल्य संगणकीय कार्यक्रम त्याचा आलेख काढून देतो. आलेखात पातळीबरोबरच प्रत्येक स्वर विरावयास लागणारा वेळही पाहावा, कारण रेंगाळणारा खर्ज पुढचा ठोका झाकून टाकतो. हे साधन नसल्यास ४७ हर्ट्झचा अखंड स्वर लावून खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत हळूहळू चालावे. स्वर कोठे बुडतो व कोठे उसळतो, हे पाचसहा पावलांतच कळते.