निगेचे माप : व्यापारी करारातील ‘योग्य काळजी’

कलबुर्गीच्या बाजारात तुरीचे पोते काट्यावर चढले, की त्याच्या वजनाबद्दल फारसा वाद उरत नाही. काटा जे सांगेल ते शेतकऱ्याला मान्य, अडत्याला मान्य आणि डाळमिलवाल्यालाही मान्य. परंतु ही स्थिती नेहमीच अशी नव्हती. बिदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यात एकत्र नांदत होते त्या काळी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच अशी खात्री नसे. ‘शेरभर’ म्हटले की ‘कोठला शेर?’ हा प्रश्न ओघानेच येई. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजने बाजारात येऊ लागली आणि 1962 पासून ती देशभर सक्तीची झाली. तेव्हा कोठे या प्रश्नाचे तोंड बंद झाले.

व्यापारात मात्र वजनाइतकीच मोलाची अशी आणखी एक वस्तू आहे, की जी कोणत्याही काट्यावर चढत नाही. ती म्हणजे काळजी. दुसऱ्याचा माल सांभाळावयाचा, वाहून न्यावयाचा किंवा त्यावर काम करून द्यावयाचे, असे प्रत्येक व्यवहारात एक पक्ष दुसऱ्याला काळजीचे वचन देत असतो. करारनाम्यात हे वचन बहुधा एकाच ओळीत उरकलेले असते : ‘मालाची निगा व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे राखली जाईल.’ ओळ वाचताना सगळे स्पष्ट वाटते. परंतु माल बिघडला म्हणजे जुन्या शेरासारखाच प्रश्न पुढे उभा राहतो : रिवाज कोणाचा, आणि काळजी किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, आळंद तालुक्यातील एका शेतकऱ्याने जानेवारीत तुरीची रास केली. हंगामात आवक मोठी, म्हणून भाव पडलेला. श्रावणापर्यंत थांबावे, चार पैसे अधिक मिळतील, अशा हिशेबाने त्याने पन्नास पोती एका खासगी गोदामात ठेवली आणि पावतीवर सही केली. पावतीवर वरील ओळ छापलेली होती. ऑगस्टात पोती उघडली तेव्हा दाण्यादाण्याला गोल भोके पडलेली आणि पोत्यांतून भुंगे बाहेर येत आहेत. शेतकरी म्हणतो, ‘तुम्ही मालाची हेळसांड केली.’ गोदामवाला म्हणतो, ‘या बाजारात सगळे जसे करतात तसेच मी केले. पोती भिंतीपासून दूर लावली, छप्पर गळू दिले नाही. याहून अधिक काय करावयाचे?’ दोघेही खोटे बोलत नाहीत. तरीही पन्नास पोत्यांचे नुकसान कोणा एकाच्या माथी बसणारच.

प्रकरणाची गुंतागुंत येथेच संपत नाही. कडधान्यातील भुंगा पुष्कळदा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. अळी दाण्याच्या पोटात शिरते आणि आत वाढते. भुंगा दाणा फोडून बाहेर पडेपर्यंत वरवर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणजे जानेवारीत स्वच्छ दिसलेले पोते निर्दोष असेलच असे नाही. दोष शेतातून आला की गोदामात वाढला, हे ठरवावयाचे तर माल आत घेताना त्याची स्थिती कशी होती याची नोंद हवी. ती नोंद नसेल, तर पुढचा सारा वाद अंधारात काठी मारण्यासारखा होतो.

अशा वेळी कायदा काय सांगतो? 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 151 व्या कलमात याचे उत्तर आहे. दुसऱ्याचा माल सांभाळण्यासाठी घेणाऱ्याने, तेवढ्याच आकाराचा, तशाच प्रतीचा आणि तितक्याच किमतीचा आपला स्वतःचा माल असता तर एखाद्या सामान्य विवेकी मनुष्याने तशाच परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. या मोजक्या शब्दांत पुष्कळ शहाणपण साठविलेले आहे. सोन्याची काळजी वेगळी आणि तुरीची वेगळी. पाच पोत्यांची वेगळी आणि पाच हजार पोत्यांची वेगळी. भाडे घेऊन सांभाळले काय किंवा स्नेहापोटी फुकट सांभाळले काय, मापात फरक नाही. आणि माल बिघडला असता आपण काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार सांभाळणाऱ्यावर येतो. कारण गोदामाच्या बंद दाराआड काय घडले हे त्यालाच ठाऊक असते.

हे माप करारापुरतेच नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले आहे. जुनागढ संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी 1947 साली काही वाहने जप्त केली. पुढे ती निगेवाचून पडून राहिली आणि मालकाला परत मिळण्याजोगी उरली नाहीत. कोणताही लेखी करार नव्हता. तरीही जप्त केलेला माल जोवर ताब्यात आहे तोवर त्याची वाजवी काळजी घेण्याचे बंधन सरकारवरही आहे, असा निर्णय न्यायालयाने 1967 साली दिला. सरकारला जे चुकले नाही, ते गोदामवाल्याला कसे चुकेल?

व्यापाऱ्यांच्या रिवाजालाही कायदा मान देतो. करार कायद्याच्या पहिल्याच कलमाने, कायद्याशी विसंगत नसलेल्या व्यापारी प्रथा अबाधित ठेवल्या आहेत. करारनाम्यातील स्पष्ट शब्दांना बाध येत नसेल तर अशा प्रथेचा पुरावा देता येतो. 1872 च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. धंद्यावरून मोघम शब्दाला अर्थ कसा येतो, याचे एक मार्मिक उदाहरण करार कायद्याच्या 29 व्या कलमाखाली दिलेले आहे. ‘शंभर टन तेल’ विकण्याचा करार मोघम म्हणून निरर्थक ठरतो. कारण तेल कोणते, हेच कळत नाही. परंतु विकणारा केवळ खोबरेलाचाच व्यापारी असेल, तर तोच करार पक्का ठरतो. त्याचा धंदाच शब्दाचा अर्थ सांगतो.

सीमाभागात मात्र धंदा एक असला तरी बाजार अनेक आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. सीमेची रेघ पडली, परंतु व्यवहार थांबला नाही. औरादचा शेतकरी उदगीरचा बाजार पाहतो, भालकीचा व्यापारी लातूरच्या डाळमिलशी बोलणी करतो. बोलणे मराठीत, कागद कन्नडात किंवा इंग्रजीत. अशा कागदावर ‘बाजाराच्या रिवाजाप्रमाणे’ असे लिहिले तर तो कलबुर्गीचा रिवाज समजावा की लातूरचा? कडता किती धरावयाचा, बारदान कोणाचे, नमुना कोणी काढावयाचा, या बाबतींत दोन बाजारांची वहिवाट एक नसेल, तर त्या एका शब्दात दोन करार दडलेले असतात.

येथे आणखी एक शंका उद्भवते. समजा, रिवाज एकच आहे आणि तो सिद्धही झाला. परंतु तो रिवाजच मुळात ढिला असेल तर? ‘सगळे असेच करतात’ एवढे म्हटल्याने मनुष्य सुटतो काय? या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा शेतापासून फार दूर, अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाला, आणि त्याच्या मुळाशी एक रेडिओ होता. 1928 च्या मार्च महिन्यात दोन ओढनौका कोळशाने भरलेल्या गाधड्या ओढीत न्यूयॉर्ककडे निघाल्या होत्या. वाटेत वादळ झाले आणि दोन गाधड्या मालासह बुडाल्या. वादळाची सूचना रेडिओवरून आधीच दिली गेली होती. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील रेडिओ होता अशा दुसऱ्या काही नौकांनी ती ऐकून बंदराचा आसरा घेतला होता. या दोन नौकांवर मात्र उपयोगी पडेल असा रेडिओ नव्हता. मालकांचा बचाव असा, की ओढनौकांवर रेडिओ ठेवण्याची त्या धंद्यात प्रथाच नाही. 1932 साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी हा बचाव फेटाळला. पुष्कळदा धंद्याची प्रथा हेच वाजवी काळजीचे माप असते, हे त्यांनी मान्य केले. परंतु सबंध धंदाच सोय हाताशी असूनही मागे राहिलेला असू शकतो, आणि काही सावधगिऱ्या इतक्या आवश्यक असतात की सर्वांनी त्या टाळल्या तरी टाळणाऱ्याला क्षमा नाही, असा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता.

हाच न्याय तुरीच्या गोदामाला लावून पाहावा. धान्यातील ओलावा मोजण्याचे यंत्र आज दुर्मिळ राहिलेले नाही. आधारभूत किमतीच्या सरकारी खरेदीत तुरीतील ओलाव्याची मर्यादा 12 टक्के धरली जाते, हे बाजारातील लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. पोती जमिनीवर न टेकविता लाकडी फळ्यांवर रचावीत, थप्पी आणि भिंत यांत माणूस फिरेल एवढी जागा ठेवावी, ठराविक दिवसांनी नमुना काढून पाहावा आणि कीड दिसताच जाणत्या व परवानाधारक माणसाकडून धुरी द्यावी, हे 1957 साली स्थापन झालेल्या केंद्रीय वखार महामंडळासारख्या संस्थांच्या नित्याच्या कामात मोडते. मग एखाद्या आळीतील सर्व गोदामे यांपैकी काहीच करीत नसली, तरी त्यामुळे न करणे हे योग्य काळजीचे लक्षण ठरत नाही. 2007 च्या वखार कायद्याने तर माप आणखी कसून लावले आहे. तेथे ‘सामान्य विवेकी मनुष्य’ या जागी ‘काळजीवाहू आणि दक्ष मालक’ आला आहे.

याचा अर्थ करारात जितके कडक शब्द घालावेत तितके चांगले, असा मात्र नव्हे. बिदरी कामाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, त्यावर हाताने नक्षी कोरावयाची, कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवावयाची आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावाने धातू काळा करावयाचा, अशी ही कला आहे. हाताने कोरलेल्या दोन सुरया तंतोतंत सारख्या निघत नाहीत. तेच तिचे वैभव. अशा कारागिराकडून ‘सर्वोत्तम औद्योगिक दर्जाप्रमाणे’ माल देण्याच्या कागदावर सही घेतली, आणि नंतर यंत्राच्या मापाने दोन वस्तूंत केसाएवढा फरक दाखवून माल परत केला, तर तो दर्जा नव्हे, ती अडवणूक होय. माप त्या त्या धंद्याच्या अंगाचे असले पाहिजे. तुरीला ओलाव्याचे, बिदरीला धातूच्या मिश्रणाचे आणि चांदीच्या पक्केपणाचे.

मग करारात लिहावयाचे काय? मोठे शब्द नव्हेत, तर लहान प्रश्नांची उत्तरे. माल आत घेताना ओलावा किती होता आणि तो कोणाच्या समक्ष मोजला? नमुना सीलबंद करून दोघांकडे एकेक ठेवला काय? थप्पीची पाहणी किती दिवसांनी होणार आणि त्याची नोंद कोणत्या वहीत राहणार? कीड दिसली तर मालकाला किती दिवसांत कळवावयाचे, आणि धुरीचा खर्च कोणी सोसावयाचा? एखाद्या सरकारी वा अन्य प्रसिद्ध प्रमाणाचा आधार घेतला असेल, तर ते नेमके कोणते आणि कोणत्या सालचे? बाजाराची वहिवाट आणि लेखी अट यांत फरक पडला तर कोणती श्रेष्ठ? आणि वाद झालाच तर मालाची तपासणी कोणी करावयाची? एवढी उत्तरे एका पानावर मावतात. ते पान शेतकऱ्याला समजणाऱ्या भाषेत त्याला वाचून दाखविणे, हाही काळजीचाच एक भाग मानावयास हवा.

‘माल ठेवणाऱ्याच्या जोखमीवर’ ही पावतीवरील छापील ओळ आपल्याला सर्व दायित्वातून मोकळे करते, असा पुष्कळांचा समज असतो. 152 व्या कलमात वेगळ्या कराराला जागा आहे हे खरे. परंतु त्या आधारे कायद्याने ठरविलेली काळजी किती कमी करता येईल, याबद्दल न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. यास्तव अशा ओळीवर विसंबून पोत्यांकडे पाठ फिरविणारा गोदामवालाही स्वतःच्याच जोखमीवर झोपत असतो.

लेखी अटींची ही यादी म्हणजे अविश्वासाचे लक्षण, असे जुन्या वळणाच्या माणसांना वाटण्याचा संभव आहे. ‘आमच्या आजोबांपासूनची अडत, कागद कशाला?’ असे शब्द अजूनही कानी पडतात. परंतु काटा आला म्हणून मापाड्यावरचा विश्वास उडाला नाही. उलट, मापाड्याला रोज आपला प्रामाणिकपणा शाबित करीत बसण्याचे कारण उरले नाही. निगेचे माप आधीच ठरले तर तेच घडेल. प्रामाणिक गोदामवाल्याला आपली वही दाखविता येईल आणि शेतकऱ्याला आपली पोती मोजून मागता येतील. भुंगा लागल्यावर अटी शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्या ठरविण्याची खरी वेळ जानेवारीतली, रास नुकतीच झालेली असते आणि दोघेही एकमेकांशी हसून बोलत असतात, तेव्हाची.