तीन चाकांवरून लिस्बन

परदेशगमनाची हौस आम्हाला फारशी कधीच नव्हती. परंतु ज्या शहरातून साडेचारशे वर्षे आमच्या गोमंतकावर हुकूम सुटत होते, ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा मात्र मनात पूर्वीपासून होती. आमच्या वडिलांनी बालपणी पोर्तुगीज शाळेत पोर्तुगालच्या नद्या पाठ केल्या होत्या. मांडवी-जुवारीची ओळख त्यांना शाळेने नव्हे, घराने करून दिली. त्या पाठ केलेल्या नद्यांपैकी तेजो नदीच्या काठी गेल्या वर्षी आम्ही सपत्नीक उभे राहिलो, तेव्हा मनात कुतूहल होते, तशी थोडी अढीही होती.

लिस्बन हे टेकड्यांचे शहर. तेथील चढउतारांपुढे सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी असहकार पुकारला. अशा वेळी नदीकाठच्या विशाल चौकात ओळीने उभी असलेली वाहने पाहून आम्ही थक्क झालो. ती चक्क रिक्षा होती! तेथे तिला ‘टुकटुक’ म्हणतात. वास्तविक यात नवल नव्हते. इटलीतील पियाज्यो कंपनीने १९४८ साली ‘आपे’, म्हणजे मधमाशी, या नावाचे तीनचाकी वाहन काढले. आपल्याकडील रिक्षाचे कूळही तेच. आमची रिक्षा विजेवर चालणारी होती आणि तिची तरुण चालिका हीच आमची मार्गदर्शक. युरोपात येऊन रिक्षातून हिंडावे, या विचाराने सौभाग्यवतींना हसू आवरेना.

ज्या चौकातून आम्ही निघालो त्याला जुने लोक अजून ‘राजवाड्याचे अंगण’ म्हणतात. राजवाडा मात्र तेथे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र चालून आला आणि उरलेसुरले कित्येक दिवस चाललेल्या आगीने गिळले. पुढे मार्क्विस द पोंबाल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने येथे नवे नगर वसविले. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले. घरांच्या भिंतींत लाकडी चौकट बसविली, जेणेकरून धरणी हादरली तरी घर तग धरील. त्या चौकटीचे नावच मुळी ‘पिंजरा’. कोणता रस्ता सोन्याचा, कोणता चांदीचा, कोणता चांभारांचा; आपल्या सोनार आळी, तांबट आळीची आठवण यावी!

मग रिक्षा जुन्या आल्फामा भागाकडे चढू लागली. अरबांच्या काळापासूनची ही वस्ती भूकंपातूनही बरीचशी वाचली. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील अशा गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांनी मढविलेल्या भिंती. मोठ्या मोटारीत बसून हे दिसले नसते. रिक्षाचा वेग माणसाच्या नजरेला झेपणारा असतो, हे आम्हाला तेथे उमगले.

प्रधान चर्चच्या बाजूला एका करड्या इमारतीपुढे चालिकेने गती मंद केली. ही ‘अल्जुब’. हुकूमशाहीच्या काळात, १९२८ ते १९६५ पर्यंत, राजकीय कैद्यांना येथे डांबीत. २०१५ पासून तेथे संग्रहालय आहे. आपल्या आजोबांनीही येथे काही महिने काढले, असे ती सहज सांगून गेली. आमच्या मनातील अढी प्रथम येथे सैल झाली. ज्या सत्तेने आम्हाला गांजले, तिने आपल्या लेकरांनाही सोडले नव्हते.

मग आम्हीही तिला एक गोष्ट सांगितली. सांगलीचा एक तरुण फोंडा तालुक्यातील सावईवेरे गावी मराठी शिक्षक म्हणून आला आणि मुक्तिलढ्यात उतरला. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात तो जखमी होऊन पकडला गेला. त्याला सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवण्यात आले. १९६१ साली गोवा मुक्त झाला. तो मात्र सुटला १९६९ साली. त्यांचे नाव मोहन रानडे. काशियशचा तुरुंग तिला ठाऊक होता. तेथे एक मराठी मास्तर होता, हे तिने प्रथमच ऐकले. आणि ‘तुरुंग’ हा आमचा शब्द तिच्याच भाषेतील ‘त्रोंको’पासून आला, हे सांगताच ती क्षणभर गप्प झाली. साबण, चावी, बटाटा, पाव यांच्यासोबत हेही देणे त्यांनी आम्हाला दिलेच की!

फेरीचा शेवट बेलें येथे झाला. येथूनच १४९७ साली वास्को द गामा निघाला; जेरोनिमुश मठात त्याची समाधी आहे. लोक तिच्याभोवती दाटीने उभे होते. आम्हीही पाहिली, पण मन तेथे रमेना. बाहेर आलो तो चालिका नदीकडे तोंड करून उभी होती. तिने आपण होऊन पश्चिमेकडे हात केला आणि म्हणाली, “काशियश त्या बाजूला. याच तीरावर, थोडे पुढे.”

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि लगेच काशियशची दारे उघडली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्या शहराने आपल्या तुरुंगाचे संग्रहालय केले, नातीने आजोबांची कैद लक्षात ठेवली. आमचे काय? प्रवासाला निघण्यापूर्वीच आम्ही दहावीच्या वर्गात सहज विचारले होते, “मोहन रानडे कोण?” सावईवेरे आमच्या शाळेपासून दूर नाही. परंतु एकही हात वर झाला नव्हता.

लिस्बनला विस्मृतीचा दोष द्यायला गेलेले आम्ही तो दोष स्वतःच्याच पदरात घेऊन परतलो. नव्या शालेय वर्षात दहावीची पहिली सहल सावईवेरेला नेली.