प्रकाशाचा पाठभेद



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात चित्रांच्या तेजाविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु शाळेची जुनी छायाचित्रे नव्या तेजस्वी पडद्यांसाठी ‘उजळून’ घ्यावीत, असा विचार आपल्यांत चालू आहे. आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न वस्तुतः माझ्याच विषयातला, पाठचिकित्सेचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगणकावरील सामान्य छायाचित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ही रीत जुन्या काचनळीच्या पडद्यांच्या काळात रूढ झाली. दूरचित्रवाणीत तेव्हा शुभ्र पांढरा सुमारे १०० निट तेजाचा धरीत. निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. आजचे कित्येक पडदे याच्या दसपट तेज देतात. त्यांच्यासाठी ‘एचडीआर’, म्हणजे उच्च तेजोव्याप्तीची पद्धती निर्माण झाली. २०१४ साली प्रमाणित झालेला तिचा ‘पीक्यू’ हा संकेत १०,००० निटपर्यंतचे तेज नोंदवू शकतो.

जुने चित्र या पद्धतीत आणताना आधी त्यातील आकड्यांचे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात रूपांतर करावे लागते; कारण १०० हा आकडा ५० च्या दुप्पट प्रकाश दाखवीत नाही. नंतर कागदासारखा साधा पांढरा, प्रचलित शिफारशीप्रमाणे, २०३ निटांच्या आसपास ठेवतात. त्यावरचे तेज दिव्याची ज्योत, पितळी घंटेवरची चमक, पाण्यावरचे ऊन यांसाठी राखायचे असते. सगळेच चित्र सारखे उजळले, तर तो केवळ भगभगाट होतो. शिवाय २५६ पायऱ्या फार ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात आणि छायाचित्रातील दाणेही मोठे दिसू लागतात. म्हणून नव्या संकेतात किमान १,०२४ पायऱ्या घेतात. तथापि मूळ चित्रात नसलेल्या छटा त्यामुळे आपोआप अवतरत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. भर उन्हात काढलेल्या एखाद्या समूहचित्रातील गुरुजींचा पांढरा फेटा कल्पून पाहा. त्या जागी सर्वत्र २५५ हाच आकडा असेल, तर फेट्याच्या घड्या चित्रातून नाहीशा झालेल्या आहेत. तेथे किती प्रकाश होता, हे चित्र सांगू शकत नाही. संगणक आजूबाजूचे पाहून आणि हजारो अन्य चित्रांवरून शिकून तेथे घड्या रचू शकतो. त्या सुबक दिसतील. पण त्या गुरुजींच्या फेट्याच्या नसतील. फेट्यापुरते हे क्षम्य मानता येईल. तोच न्याय उन्हाने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याला लावला, तर आपण एका दिवंगत व्यक्तीला परकी मुद्रा देऊन बसू.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा पेच परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ आहे, आणि पाठभेद तळटीपांत आहेत. संपादकाचा तर्क नाकारलेला नाही. तो तर्क आहे, हे मात्र वाचकापासून लपविलेले नाही. चित्रांच्या क्षेत्रातही अशी एक सोय झाली आहे. २०२३ पासून अँड्रॉइड फोनांत आलेल्या एका रचनेत मूळ सामान्य चित्र जसेच्या तसे राहते, आणि कोठे किती तेज वाढवायचे याचा नकाशा त्याच फाइलमध्ये वेगळा जोडला जातो. मला ही तळटीपच वाटते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. मूळ चित्राची प्रत अबाधित ठेवावी. उजळलेली प्रत निराळी असावी, आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे. जेथे भर कल्पनेची आहे, तेथे तीही नोंदवावी. आणि सर्वांत आधी घरोघरी जुन्या निगेटिव्ह शोधाव्यात. छापील प्रतीत पांढरा पडलेला तपशील निगेटिव्हमध्ये पुष्कळदा शिल्लक असतो. तो काळजीपूर्वक स्कॅन केल्यास फेट्याच्या खऱ्या घड्या हाती येण्याचा संभव आहे. जुनी पोथी उपलब्ध असताना तर्काने ओळ भरणे कोणत्याही संपादकाला शोभत नाही.