कळलावीचा कंद

श्रावणात हडपसर सोडून सह्याद्रीच्या वाटेला लागलं की झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात. ती कळलावी. तिच्या नांगराच्या आकाराच्या कंदाचा लेप अडलेल्या बाईच्या ओटीपोटावर लावायची रीत जुनी आहे. पण तोच कंद दारूत मुरवून पोटात घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

कंदात कोल्चिसीन असतं. वातरक्तावर हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत देतात. ते पेशींचं विभाजन रोखतं. म्हणून आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांना मोठा फटका बसतो. दारूत ते सहज उतरतं, उकळूनही नष्ट होत नाही. शिवाय त्याचं प्रमाण कंदागणिक बदलतं. मग थेंब मोजून काय मोजणार? मला सगळ्यात घातक वाटते ती हीच गोष्ट.

आयुर्वेद कळलावीला उपविष मानतो, गोमूत्रात शोधन सांगतो. औषध नियमांच्या ‘ई-१’ यादीतही ती आहे. म्हणजे वैद्यकीय देखरेखीशिवाय घ्यायची नाही. हडपसरच्या माळवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे. शंका अशा ठिकाणच्या वैद्यांना विचारावी.

कंद पोटात गेलाच तर उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. त्यांची वाट न बघता, उरलेला कंद सोबत घेऊन रुग्णालय गाठा. यावर सहज मिळणारा उतारा नाही.