जबाबदारी आली, निधीचे काय?

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक दर्जा लाभला. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत आरोग्याबरोबरच अपंगकल्याणासह समाजकल्याणाचाही समावेश झाला. मात्र विषय सोपविणे वेगळे आणि तो पेलण्याचे बळ देणे वेगळे. निधी व मनुष्यबळ यांवाचून मिळालेला अधिकार बहुधा भारच ठरतो.

या संदर्भात केरळचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम हाती घेताना त्या राज्याने योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळविण्याचे ठरविले. २००४ मध्ये वेंगानूर पंचायतीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी पहिली ‘बड्‌स’ शाळा निघाली. २००८ च्या उपशामक सेवा धोरणानंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या गृहशुश्रूषेचे कामही पंचायतींकडे आले. परिचारिकेचे मानधन, वाहन व औषधे यांचा खर्च पंचायतीने उचलावयाचा, मार्गदर्शन प्राथमिक आरोग्य केंद्राने करावयाचे आणि कुटुंबास आधार स्वयंसेवकांनी द्यावयाचा, अशी ही रचना आहे. अर्थात, एकाच परिचारिकेवर साऱ्या पंचायतीचा भार पडला की भेटींमधील अंतर वाढते, ही तिची मर्यादा होय.

शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने हीच वाट खुली केली आहे. सेरेब्रल पाल्सीचे निदान आम्ही बालरोगतज्ज्ञ करतो, परंतु पुढे वर्षानुवर्षे त्या मुलाला उचलून घेते ती त्याची आई. आपल्या वॉर्डात अशी किती मुले आहेत, हे अंदाजपत्रकापूर्वी नगरसेवकांपर्यंत पोहोचविणे हे आपणा डॉक्टरांचेही कर्तव्य आहे.